कोरे कार्ड, भरलेले कार्ड

'क्लास' हा शब्द ऐकला की तुम्हांला काय आठवते? फळा, बाके किंवा संध्याकाळची शिकवणी! मराठीत आपण त्याला वर्ग म्हणतो, उर्दूत जमात. परंतु पायथॉन नावाच्या संगणकाच्या भाषेत क्लास म्हणजे एक साचा. उर्दूतही 'सांचा' म्हणतातच, म्हणजे हा शब्द तुम्हांला नवा नाही.

पायथॉन ही भाषा नेदरलँड्सच्या गिडो व्हान रॉसम यांनी तयार केली. १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत त्यांनी हे काम हाती घेतले आणि १९९१ मध्ये ती लोकांपुढे आली. क्लासची कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. नॉर्वेतील ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगोर्ड यांनी १९६७ मध्ये आपल्या सिम्युला या भाषेत ती आणली.

आता तुमच्या शाळेच्या ग्रंथालयात चला. तेथे छापील कोऱ्या कार्डांचा गठ्ठा असतो. कार्डावर नाव, इयत्ता आणि घेतलेली पुस्तके यांसाठी जागा सोडलेली असते. कोरे कार्ड कोणाचेच नसते. त्यावर नाव लिहिले की ते सलमाचे किंवा इम्रानचे होते. कोरे कार्ड म्हणजे क्लास आणि भरलेले कार्ड म्हणजे ऑब्जेक्ट. समजा, आपण क्लासचे नाव 'सभासद' ठेवले. मग सलमाचे कार्ड असे तयार होते :

सलमा = सभासद("सलमा", "नववी")

गंमत म्हणजे, २००८ मध्ये आलेल्या पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून अशी नावे देवनागरीत लिहिता येतात, उर्दू लिपीतही येतात. पायथॉनचे स्वतःचे शब्द मात्र रोमन लिपीतच लिहावे लागतात.

कार्ड नवे करताना त्यावर काय भरायचे, हे क्लासमधील 'इनिट' नावाच्या फंक्शनमध्ये सांगतात. या नावाच्या मागे आणि पुढे दोन-दोन अधोरेषा असतात. तेथेच 'सेल्फ' हा शब्द भेटतो. नवशिके याला फार घाबरतात. घाबरण्याचे कारण नाही. सेल्फ म्हणजे 'हे कार्ड', ज्याचे काम या क्षणी चालू आहे ते.

सेल्फच्या पुढे एक टिंब येते. ते वाचताना मनात चा-ची-चे म्हणा. उर्दूत का-की-के म्हणा. 'सलमा.इयत्ता' म्हणजे सलमाची इयत्ता. 'सेल्फ.इयत्ता' म्हणजे या कार्डाची इयत्ता. क्लासमध्ये आपण 'पुस्तक_घे' नावाचे फंक्शनही लिहिले आहे असे समजा. 'सलमा.पुस्तक_घे' असे म्हटले, की सेल्फच्या जागी पायथॉन आपणहून सलमाचे कार्ड ठेवतो.

आता एक चूक पाहा. ती अनेकांच्या हातून होते. पुस्तकांची रिकामी यादी काही जण इनिटमध्ये न लिहिता, क्लासच्या सुरुवातीलाच लिहून ठेवतात. प्रोग्रॅम चालतो. संगणक कोणतीही तक्रार करत नाही. सलमा तीन पुस्तके घेऊन जाते. आणि ज्या इम्रानने अजून ग्रंथालयात पाऊलही ठेवले नाही, त्याच्या नावावर तीच तीन पुस्तके दिसू लागतात! पुस्तके परत आली नाहीत, तर दंड कोणाला होईल? बिचाऱ्या इम्रानलाही!

असे का झाले? क्लासच्या सुरुवातीला लिहिलेली यादी एकदाच तयार होते. इम्रानच्या कार्डावर त्याची स्वतःची यादी नसते, म्हणून पायथॉन क्लासकडे पाहतो. सलमाच्या बाबतीतही तसेच घडते. दोघांना एकच यादी सापडते. जणू कार्डांवर पुस्तके लिहिण्याऐवजी ती भिंतीवरच्या एका कागदावर लिहिली! यादी इनिटमध्ये 'सेल्फ.पुस्तके' अशी लिहिली, तर प्रत्येक कार्डाबरोबर नवी यादी तयार होते.

भिंतीवरचा कागद नेहमीच वाईट असतो असे नाही. पुस्तक सात दिवसांत परत करावे, हा नियम सर्वांना सारखाच आहे. तो प्रत्येक कार्डावर कशाला लिहायचा? तो क्लासमध्येच ठेवावा.

तुमच्या शाळेत संगणक असेल, तर हा क्लास लिहून दोन कार्डे तयार करा. सलमाला एक पुस्तक द्या आणि इम्रानची यादी छापून पाहा. ती रिकामी आली, तर इम्रान दंडातून सुटला.