केंद्रकातील प्रथिनाचा मागोवा

गाठीचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला असता पेशींचा आकार व त्यांची मांडणी दिसते. परंतु त्यांपैकी किती पेशी विभाजनाच्या मार्गाला लागल्या आहेत, हे केवळ आकारावरून नेमके सांगता येत नाही. कर्करोगाच्या उपचारांची दिशा ठरविताना हाच प्रश्न पुष्कळदा महत्त्वाचा असतो. त्याचे उत्तर मिळविण्यास एक प्रतिपिंड साहाय्यभूत झाले.

प्रतिपिंड म्हणजे परकीय पदार्थ ओळखून त्याला चिकटणारे प्रथिन होय. एकाच प्रकारचे प्रतिपिंड हवे तितके निर्माण करण्याची पद्धत १९७५ साली केंब्रिज येथे कोलर व मिलस्टाइन यांनी शोधून काढली. तिचा अवलंब करून जर्मनीतील कील येथे गेर्डेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली ‘की-६७’ हे प्रतिपिंड पुढे आणले. या नावातील ‘की’ हे अक्षर कील शहरावरून आले आहे. हे प्रतिपिंड केंद्रकातील ज्या प्रथिनाला चिकटते, ते विभाजनचक्रात असलेल्या पेशींत आढळते, विश्रांत पेशींत आढळत नाही.

तथापि एक मोठी अडचण होती. या प्रतिपिंडाला गोठविलेले ऊतकच लागे. जबलपूरजवळच्या खमरियासारख्या ठिकाणी काढलेली गाठ गोठलेल्या स्थितीत मुंबईला परळच्या टाटा स्मारक रुग्णालयापर्यंत नेणे सोपे नाही. उलट, फॉर्मॅलिनमध्ये ठेवून मग पॅराफीन मेणात बसविलेला ठोकळा टपालानेही पाठविता येतो आणि वर्षानुवर्षे टिकतो. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४१ पासून ज्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेची धुरा वाहिली, तेथील काय किंवा अन्यत्र काय, विकृतिविज्ञानाची मदार मुख्यतः अशा ठोकळ्यांवरच असते.

फॉर्मॅलिन प्रथिनांना एकमेकांशी जखडून टाकते. त्यामुळे प्रतिपिंडाने ओळखावयाची जागा झाकली जाते. छेद योग्य द्रावणात ठेवून तापविला तर ही जखडण सैल होते, असे पुढे दिसून आले. त्याच प्रथिनासाठी तयार केलेले ‘एमआयबी-१’ हे नवे प्रतिपिंड १९९२ पासून या रीतीने मेणातील छेदांवरही वापरता येऊ लागले.

प्रत्यक्ष कृती अशी: सुमारे चार मायक्रोमीटर जाडीचा छेद काचपट्टीवर घेतात, मेण विरघळवितात, छेद तापवितात व त्यावर प्रतिपिंड सोडतात. नंतर एंझाइम जोडलेले दुसरे प्रतिपिंड पहिल्याला चिकटते आणि रंगद्रव्य घालताच विभाजनचक्रातील केंद्रके तपकिरी दिसू लागतात. उरलेली निळी राहतात. शंभर पेशींपैकी किती तपकिरी, ही गणना म्हणजेच निष्कर्ष.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ज्यात हे प्रथिन निश्चित असते असा ज्ञात छेद प्रत्येक वेळी सोबत रंगविला पाहिजे. तोही निळाच राहिला, तर दोष कृतीत आहे असे समजावे. असा पडताळा न घेता दिलेला ‘नाही’ हा निष्कर्ष रुग्णाला चुकीच्या उपचाराकडे नेऊ शकतो.