दशांश चिन्हाची किंमत : फवारणीच्या द्रावणातील टक्के आणि पीपीएम

मध्य प्रदेशातील सौंसर तालुक्यातले बोरगाव नागपुरी संत्र्याच्या पट्ट्यात येते. छिंदवाड्यातून २०२३ मध्ये वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्याच्या या भागात मराठी पिढ्यान्‌पिढ्या बोलली जाते. शालेय रसायनशास्त्रातील ‘द्रावणाची तीव्रता’ हे प्रकरण येथील संत्रा बागायतदाराला प्रत्येक बहरात प्रत्यक्ष सोडवावे लागते.

टक्का म्हणजे शंभर भागांतील भाग. पाण्याच्या द्रावणात १०० मिलिलिटरमध्ये १ ग्रॅम पदार्थ असला, की ते १ टक्क्याचे द्रावण. म्हणजेच लिटरमागे १० ग्रॅम. गोव्याच्या कुळागरांत पोफळीवरील कोळेरोगासाठी वापरले जाणारे १ टक्का बोर्डो मिश्रण याच हिशेबाने होते : १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी. संत्र्याच्या बागेतही प्रमाण तेच. १५ लिटरच्या पंपासाठी दोन्ही पदार्थ प्रत्येकी १५० ग्रॅम लागतात. खोडाला लावायची बोर्डो पेस्ट मात्र १० टक्क्यांची, म्हणून त्याच १ किलोला पाणी १० लिटरच.

मात्रा अगदी अल्प असते तेव्हा पीपीएम हे एकक येते. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांतील एक भाग. विरल द्रावणात लिटरमागे १ मिलिग्रॅम. त्यामुळे १ टक्का म्हणजे १०,००० पीपीएम.

संत्र्याची फळगळ रोखण्यासाठी टू-फोर-डी हे संजीवक १५ पीपीएम फवारण्याचा सल्ला दिला जातो. १०० लिटरसाठी १५ × १०० = १,५०० मिलिग्रॅम, म्हणजे केवळ १.५ ग्रॅम. टक्क्यांत ही तीव्रता ०.००१५ होते. ती ०.१५ अशी लिहिली गेली, तर दशांश चिन्ह दोन घरे सरकते आणि मात्रा शंभरपट, म्हणजे १५० ग्रॅम होते. हेच रसायन अधिक मात्रेत तणनाशक म्हणून वापरले जाते. फळ टिकवण्यासाठी केलेली फवारणी मग झाडाच्याच मुळावर येते.

दुसरी अडचण शुद्धतेची. पुड्यावर ‘८० टक्के’ असे छापलेले असेल, तर १०० ग्रॅम भुकटीत क्रियाशील घटक ८० ग्रॅमच असतो. १.५ ग्रॅम घटकासाठी १.५ ÷ ०.८० = १.८७५ ग्रॅम भुकटी हवी. एवढे सूक्ष्म वजन साध्या तराजूवर नीट होत नाही. अशा वेळी १८.७५ ग्रॅम भुकटीचे १ लिटर द्रावण करून त्यातील १०० मिलिलिटर घेतले, की १.८७५ ग्रॅमच मिळते.

पंप भरण्यापूर्वी पडताळणीसाठी एक सूत्र पुरेसे आहे : पीपीएमच्या आकड्याला १० ने भागले, की १०० लिटरसाठी लागणारा क्रियाशील घटक ग्रॅममध्ये मिळतो. कागदावर प्रत्येक आकड्यापुढे त्याचे एकक लिहिले, की चूक पाण्यात मिसळण्याआधीच नजरेस पडते.