पिल्लू लंगडतंय, शीट पातळ झाली: औषध आणण्याआधी काय बघाल?

समजा तुम्ही हिंगणीचे. जूनमध्ये पाऊस लागला आणि तुम्ही 50 पिल्लं आणली, गिरिराज म्हणा किंवा ग्रामप्रिया. पाचव्या आठवड्यात एके सकाळी खुराडं उघडलं, तर एक पिल्लू कोपऱ्यात बसलेलं. उठवलं तर पाय धरत नाही, मागची पिसं शिटेने माखलेली. आता बहुतेक जण काय करतात? सेलूला जातात, "कोंबडीचं औषध द्या" म्हणतात आणि मिळेल ती पावडर पाण्यात मिसळतात. दोन दिवस वाट बघण्यात जातात. तेवढ्यात एका पिल्लाचा आजार सगळ्या खुराड्याचा होऊ शकतो.

म्हणून आधी ते पिल्लू वेगळं काढा. खोक्यात कोरडा भुसा टाका, पाणी ठेवा. त्याची देखभाल सगळ्यात शेवटी करा आणि नंतर हात धुवा.

आता मुख्य प्रश्न. पिल्लू लंगडं आहे की अशक्त आहे? दोन्हीत ते बसूनच राहतं, म्हणून फसायला होतं. पायावर उभं करा, समोर दाणे टाका आणि पाच मिनिटं नुसतं बघा. डोळे टवटवीत आहेत, दाणे टिपतंय, पण एक पाय ओढतंय, तर दुखणं बहुधा पायातच आहे. पिसं फुगवलेली, डोळे मिटलेले, मान आत ओढलेली, दाण्याकडे लक्ष नाही, तर पाय सोडा आणि शीट बघा.

पायाचं असेल तर आधी तळवा तपासा. आपल्याकडे बाभळीचा काटा हे साधं कारण निघतं. काटा काढा, जखम स्वच्छ करा. तळवा चांगला असेल तर वय बघा. पहिल्या तीन-चार आठवड्यांत बोटं आत वळून मुठीसारखी झाली, तर बी-2 जीवनसत्त्व कमी पडलंय. नुसत्या मक्याच्या भरड्यावर किंवा कणीवर वाढवलेल्या पिल्लांत हे होतं. लवकर दिलं तर पिल्लू सुधारतं, उशीर झाला तर बोटं तशीच राहतात. पायाचा मधला सांधा सुजून पाय बाहेर वळला असेल, तर शीर सरकलेली असते. मॅंगनीजसारखे क्षार कमी पडल्यानेही असं होतं आणि ते पिल्लू सहसा नीट होत नाही. चोच रबरासारखी वाकत असेल तर मुडदूस. पावसात पिल्लं आठ-आठ दिवस बंद राहिली, ऊन मिळालं नाही आणि खाद्यातही डी-3 नसलं की हे होतं.

एक पाय पुढे, एक मागे असं पसरून पिल्लू पडलंय आणि वय दीड महिन्यापुढे आहे? मग मॅरेक्सचा संशय घ्या. हा विषाणूचा आजार आहे. 1907 मध्ये हंगेरीच्या जोझेफ मॅरेक यांनी तो पहिल्यांदा नोंदवला, पण औषध अजून नाही. लस असते, ती हॅचरीत पहिल्याच दिवशी देतात. म्हणून पिल्लं घेताना भावाच्या आधी हा प्रश्न विचारा.

आता शीट. तपकिरी गोळी आणि वर पांढरी टोपी, ही निरोगी शीट. दिवसातून एक-दोनदा चिकट, चॉकलेटी, घाण वासाची शीट पडते. तीही निरोगीच, उगाच घाबरू नका. रक्त दिसलं तर मात्र थांबू नका. तीन ते सहा आठवड्यांचं पिल्लू, ओला भुसा आणि रक्ताची शीट म्हणजे बहुधा कॉक्सिडिओसिस. आपल्या उदाहरणातलं पिल्लू याच वयाचं आहे. रक्त जाऊन ते गळतं आणि आपण पायाला तेल चोळत बसतो! पशुवैद्यकांना विचारून अँप्रोलियम पाण्यातून सगळ्याच पिल्लांना द्या. त्या दिवसांत बी-1 असलेली टॉनिकची पावडर बंद ठेवा, ती या औषधाचा परिणाम मारते. ओला भुसा मात्र त्याच दिवशी बाहेर काढा, नाहीतर औषध देऊन उपयोग नाही.

हिरवी पातळ शीट, तोंड उघडून श्वास, मान वळलेली, पाय लुळे? ही मानमोडी, म्हणजे राणीखेत. यावरही औषध नाही. लासोटा पहिल्या आठवड्यात, पुन्हा चौथ्याच्या आसपास आणि साधारण आठव्या आठवड्यात आर-2-बी, हे वेळापत्रक चुकलं असेल तर लगेच डॉक्टरांना बोलवा.

अजून एक तपासणी, फुकटची. सकाळी दाणे टाकण्याआधी गळ्याखालची अन्नपिशवी चाचपा. रात्रभरात ती रिकामी व्हायला हवी. दगडासारखी कडक लागली तर कुटार, लांब गवत किंवा सुतळी अडकलीय. पिचपिचीत लागली आणि तोंडाला आंबूस वास आला, तर आत आंबलंय. पिल्लाला उलटं धरून पिळू नका, पाणी श्वासनलिकेत जाऊन ते तिथेच मरतं.

पिल्लू मेलंच तर नाल्यात फेकू नका. दोन पिशव्यांत बांधून, बर्फावर ठेवून त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या आणि शवविच्छेदन करायला सांगा. उरलेल्या 49 ना काय द्यायचं, ते त्यातून कळतं. एकदम बरीच मेली तर हात लावू नका, विकू तर मुळीच नका. 2006 मध्ये नवापूरला बर्ड फ्लू निघाला तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या. अशा वेळी 1962 वर फोन करा. वय, लसींच्या तारखा आणि कालपासून किती मेली, एवढं वहीत लिहून जवळ ठेवा. डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतात.