५९ हरले, ४१ जिंकले!

शंभर बिऱ्हाडांची एक सोसायटी आहे असं धरू. कारभारावर सभासद नाराज आहेत. दिवाळीनंतरच्या सर्वसाधारण सभेत बाहेरचा ऑडिटर नेमण्याचा ठराव येणार आणि त्याला ५७ जणांचा पाठिंबा आहे, हे सेक्रेटरींच्या कानावर आलंय. सेक्रेटरी काय करतात? ऐन मे महिन्यात, निम्मी सोसायटी गावाला गेलेली असताना, विशेष सभा बोलावतात. विषय एकच : सोसायटीच्या हितासाठी यापुढे प्रत्येक ठराव ६० टक्के मतांनीच मंजूर व्हावा. गंमत म्हणजे हा ६० टक्क्यांचा ठराव मात्र जुन्याच नियमाने, निम्म्यांपेक्षा एक मत जास्त पडलं तरी मंजूर!

असे सेक्रेटरी आपल्याकडे सापडतीलही. पण अमेरिकेत एका अख्ख्या राज्याच्या विधिमंडळाने हीच युक्ती करून पाहिली, तीही राज्याच्या घटनेच्या बाबतीत. राज्य ओहायो, तारीख ८ ऑगस्ट २०२३. मतपत्रिकेवर प्रश्न एकच होता, त्याचं नाव ‘इश्यू १’. मतदारांनी तो का फेटाळला, हे समजून घेण्यासारखं आहे. कारण असे प्रस्ताव एका राज्यात पडले तरी दुसऱ्या राज्यात पुन्हा उगवतात.

घटना बदलण्याचा हक्क कुणाचा?

अमेरिकेत देशाच्या घटनेखेरीज पन्नासही राज्यांना आपापली स्वतंत्र घटना आहे. देशाची घटना बदलताना सामान्य मतदाराला कुणी विचारत नाही. राज्याची बदलायची असेल तर, डेलावेअरचा अपवाद सोडता, दुरुस्ती मतदारांपुढे ठेवावीच लागते. काही राज्यांत तर मतदार स्वतःच दुरुस्ती मांडू शकतात. ओहायो त्यांपैकी एक.

ओहायोची सध्याची घटना १८५१ची. लोकांना थेट दुरुस्ती मांडण्याचा हक्क मिळाला तो १९१२मध्ये. विधिमंडळं बड्या कंपन्यांच्या मुठीत गेली आहेत, अशी ओरड तेव्हा देशभर होती. त्या वर्षी कोलंबस शहरात घटना परिषद भरली. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट तिथे येऊन लोकांच्या थेट अधिकाराची बाजू मांडून गेले. परिषदेने ४२ दुरुस्त्या मतदारांपुढे ठेवल्या आणि मतदारांनी त्यांतल्या ३४ उचलल्या. सह्या गोळा करून दुरुस्ती मांडण्याचा हक्क हा त्यांतलाच एक. त्याला मतं मिळाली सुमारे ५७ टक्के. हा आकडा लक्षात ठेवा, तो पुढे सारखा भेटणार आहे.

हा हक्क काही फुकट मिळत नाही. मागच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत जेवढी मतं पडली, त्याच्या १० टक्के सह्या लागतात. २०२३मध्ये हा आकडा सुमारे ४ लाख १३ हजार होता. शिवाय राज्यातल्या ८८ काऊंट्यांपैकी, म्हणजे जिल्ह्यांपैकी, निदान ४४ काऊंट्यांतून, प्रत्येकीच्या मतांच्या ५ टक्के सह्या हव्यात. छाननीत काही सह्या बाद होऊन आकडा कमी पडला, तर भर घालायला दहा दिवस मिळतात. एवढं सगळं पार पडलं की मग मतदान, आणि तिथे साधं बहुमत.

ऑगस्टच्या ‘इश्यू १’ने तीन गोष्टी बदलायच्या ठरवल्या होत्या. एक, साध्या बहुमताऐवजी ६० टक्के. दोन, ४४ऐवजी सगळ्या ८८ काऊंट्यांतून सह्या. तीन, ते दहा दिवस रद्द.

लोकांच्या तोंडी पहिलीच अट बसली. पण दुसरी तिच्याहून कडक होती. राजधानीची फ्रँकलिन काऊंटी १३ लाख वस्तीची, तर व्हिंटन काऊंटी जेमतेम १३ हजारांची. राज्यभरातून लाखो सह्या जमल्या आणि एकट्या व्हिंटनमध्ये थोड्या कमी पडल्या, तर सगळं मुसळ केरात. एका कोपऱ्यातल्या काऊंटीला सगळ्या राज्याचा अर्ज अडवायचा अधिकार मिळणार होता. दुसरी आणि तिसरी अट फक्त नागरिकांच्या अर्जाला लागू होती. विधिमंडळाला दुरुस्ती मांडायला सह्या लागतच नाहीत.

ऑगस्टच का?

खरी मेख तारखेत आहे. ऑगस्ट म्हणजे तिकडे सुट्ट्यांचा हंगाम. ऑगस्ट २०२२मध्ये झालेल्या प्राथमिक निवडणुकीत ओहायोत जेमतेम ८ टक्के मतदान झालं होतं. एवढ्या कमी मतदारांसाठी एवढा खर्च कशाला, असं म्हणत विधिमंडळाने डिसेंबर २०२२मध्ये ऑगस्टमधल्या बहुतेक विशेष निवडणुका बंद करणारा कायदा केला. राज्याच्या निवडणुकांचा कारभार पाहणारे सेक्रेटरी ऑफ स्टेट फ्रँक लरोज हेही त्याच मताचे होते. गव्हर्नरांनी जानेवारीत सही केली. शाई वाळते न वाळते तोच मे महिन्यात त्याच विधिमंडळाने ‘इश्यू १’साठी ऑगस्टचीच तारीख ठरवली. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि चार विरुद्ध तीन अशा मतांनी निवडणुकीला वाट मिळाली.

घाई कशाची होती? नोव्हेंबरची. जून २०२२मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताच्या हक्काचं घटनात्मक संरक्षण काढून घेतलं आणि निर्णय राज्यांवर सोपवला. ओहायोत तो हक्क राज्याच्या घटनेत लिहिण्यासाठी सह्यांची मोहीम सुरू झाली होती आणि नोव्हेंबर २०२३मध्ये त्यावर मतदान व्हायचं होतं. सत्ताधारी रिपब्लिकन नेते जाहीरपणे सांगत होते की, घटनेचं पावित्र्य जपायचं आहे. लरोज मात्र पक्षाच्या एका भोजनसमारंभात मनातलं बोलून गेले : हे शंभर टक्के गर्भपाताची दुरुस्ती रोखण्यासाठीच आहे. मसुद्यातही याची साक्ष आहे. काऊंट्यांची नवी अट १ जानेवारी २०२४पासून लागू होणार होती, ६० टक्क्यांची मात्र लगेच.

दुसरी बाजूही ऐकू

‘हो’ म्हणणाऱ्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. घटना म्हणजे रोजचा कायदा नव्हे, ती सहजी बदलू नये, हे कुणीही मान्य करील. देशाची घटना बदलायला तीन चतुर्थांश राज्यांची संमती लागते. ओहायोची घटना १८५१पासून १७०हून अधिक वेळा बदलली. पैसेवाल्यांनी तिचा गैरफायदाही घेतला. २००९मध्ये सह्यांच्याच मार्गाने चार शहरांत कॅसिनोंना परवानगी देणारी दुरुस्ती मंजूर झाली, आणि कॅसिनो नेमके कुठल्या जागेत उभे राहणार, त्या जमिनींचा तपशीलही घटनेत गेला. जणू घटना नव्हे, सात-बाराचा उतारा!

पण याचं उत्तरही ओहायोनेच देऊन ठेवलं आहे. २०१५मध्ये काही गुंतवणूकदारांनी गांजाला मान्यता देणारी दुरुस्ती आणली. लागवडीच्या दहा जागा त्यांनी आपल्यासाठीच राखून ठेवल्या होत्या. मतदारांनी ती सुमारे ६४ टक्के मतांनी फेटाळली. त्याच दिवशी, घटनेतून कुणाला मक्तेदारी मिळू नये, अशी दुसरी दुरुस्ती मंजूरही केली. मतदाराला भलं-बुरं कळतं, त्याला ६० टक्क्यांची काठी लागत नाही. बाहेरच्या पैशाचं म्हणाल, तर ऑगस्टच्या लढाईत दोन्ही बाजूंनी तो पाण्यासारखा वाहिला. ‘घटना बाहेरच्यांपासून वाचवा’ म्हणणाऱ्यांचे सर्वांत मोठे देणगीदार होते इलिनॉयचे अब्जाधीश रिचर्ड युलाइन.

आता गणित पाहू. शंभर मतदार. ५९ जण म्हणाले ‘हो’, ४१ म्हणाले ‘नाही’. साध्या बहुमतात ५९ जिंकले. ६० टक्क्यांच्या नियमात ४१ जिंकले. म्हणजे ‘नाही’वाल्याचं एक मत ‘हो’वाल्याच्या जवळपास दीड मताइतकं जड झालं. ओहायोत २००६मध्ये किमान वेतन वाढवणारी दुरुस्ती मंजूर झाली ती ५६-५७ टक्क्यांनी. नवा नियम तेव्हा असता तर ती पडली असती. १९१२चा तो मूळ हक्कही मिळाला नसता.

‘एक माणूस, एक मत’ ही विरोधकांची घोषणा म्हणूनच लोकांच्या डोक्यात चटकन उतरली. बॉब टॅफ्ट आणि जॉन केसिक हे दोन रिपब्लिकन, टेड स्ट्रिकलंड आणि डिक सेलेस्ट हे दोन डेमोक्रॅट, असे चार माजी गव्हर्नर एकाच बाजूला उभे राहिले : ‘नाही’च्या. ज्या महिन्यात कुणी फिरकणार नाही असा हिशेब होता, त्या महिन्यात ३० लाखांहून अधिक लोक मतदानाला आले. निकाल : ‘नाही’ ५७ टक्के, ‘हो’ ४३ टक्के.

तीनच महिन्यांनी, नोव्हेंबरमध्ये, गर्भपाताच्या हक्काची दुरुस्ती मतदानाला आली. योगायोग असा की तिचंही नाव ‘इश्यू १’. ज्यांनी ऑगस्टमध्ये ‘इश्यू १’ला ‘नाही’ म्हटलं, त्यांतल्या बहुतेकांना आता ‘इश्यू १’ला ‘हो’ म्हणायचं होतं. तरी मतदार गोंधळले नाहीत. ‘हो’ला मतं पडली ५६.८ टक्के. पुन्हा ५७च्या घरात! ऑगस्टची युक्ती साधली असती, तर जवळपास १४ टक्क्यांनी पुढे असूनही ही दुरुस्ती हरली असती.

हे ‘असती’ फ्लोरिडात खरंच घडलं. तिथे ६० टक्क्यांची अट २००६पासून आहे, आणि ती अट स्वतः मंजूर झाली होती सुमारे ५८ टक्क्यांनी. नोव्हेंबर २०२४मध्ये फ्लोरिडातल्या गर्भपाताच्या हक्काच्या दुरुस्तीला ५७ टक्के मतं पडली आणि ती हरली. ओहायोत ५७ म्हणजे विजय, फ्लोरिडात ५७ म्हणजे पराभव.

‘नाही’ म्हणजे डोळे झाकून ‘नाही’ नव्हे

प्रत्येक दुरुस्ती फेटाळा, असा याचा अर्थ मुळीच नाही. ओहायोतच २०२४मध्ये तिसरा ‘इश्यू १’ आला. मतदारसंघांच्या सीमा राजकारण्यांच्या हातून काढून नागरिकांच्या आयोगाकडे द्याव्यात, असा तो प्रस्ताव होता. पुढाकार राज्याच्या माजी सरन्यायाधीश मॉरीन ओ’कॉनर यांचा, आणि त्या रिपब्लिकन. पण मतपत्रिकेवरचा मजकूर ठरवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष लरोजच. त्या मजकुरात छापलं गेलं की, हा आयोग सीमा पक्षीय सोयीने आखायला बांधील असेल. जे थांबवायचं, तेच करणार असल्याचा शिक्का! सुमारे ५४ टक्के मतदारांनी ‘नाही’ म्हटलं. त्यांतल्या किती जणांना आपण कशाला ‘नाही’ म्हणतोय हे ठाऊक होतं, ते मतपेटी सांगत नाही.

तेव्हा प्रश्नपत्रिका कोण काढतं, हे उत्तराइतकंच महत्त्वाचं. इथे मराठी वाचकाला गोवा आठवावा. आपल्याकडे घटनादुरुस्ती संसदेत होते. ३६८व्या कलमात जनतेच्या थेट मतदानाला जागा नाही. पण १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला : महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळं राहायचं? विलीनीकरणाला फूल, वेगळेपणाला दोन पानं. प्रश्न सरळ, निशाण्या सरळ. विलीनीकरणवादी मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांचं सरकार कौल निष्पक्ष व्हावा म्हणून आधी पायउतार झालं होतं. दोन पानं ३४,०२१ मतांनी जिंकली. टक्केवारी ५४च्या आसपास, म्हणजे ६० टक्क्यांच्या नियमात कुणीच जिंकलं नसतं. महाराष्ट्रात अनेकांना तो निकाल झोंबला, तरी मोजणीचा नियम अन्यायाचा होता असं म्हणायला जागा उरली नाही.

कोलंबस, क्लीव्हलंड, सिनसिनाटीत नागरिकत्व घेतलेली मराठी कुटुंबं आहेत. इतर राज्यांतही आहेत. त्यांच्यापुढे अशी मतपत्रिका आली तर तीन गोष्टी पाहाव्यात. तारीख कुणी ठरवली आणि तीच का? मतपत्रिकेवरचा मजकूर कुणी लिहिला, आणि मूळ मसुदाही तेच सांगतो का? आणि हा बदल एखाद्या विषयावरचा आहे, की पुढच्या सगळ्या विषयांवरच्या मोजणीचा?

पहिल्या प्रकारच्या बदलावर ज्याने त्याने आपल्या मताने शिक्का मारावा. दुसऱ्या प्रकाराला माझं उत्तर ठरलेलं आहे. घटना बदलायला ६० टक्के हवेत असं ज्याला मनापासून वाटतं, त्याने ती अट आधी स्वतःच्या दुरुस्तीला लावावी आणि ६० टक्के मतं आणून दाखवावीत. फ्लोरिडाला ते जमलं नव्हतं, ओहायोला ४३च्या पुढे जाता आलं नाही. कुणी ते करून दाखवेपर्यंत मतपत्रिकेवर एकच खूण करावी : ‘नाही’.