गोळी एक, औषधे दोन-तीन : मिश्र वेदनाशामके घेताना काय पाहावे?

जबलपूर : सर्दी-तापाच्या एका सिरपमुळे २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात वीसहून अधिक बालकांचा बळी गेला. मूत्रपिंडे निकामी झालेल्या अनेक बालकांना उपचारांसाठी नागपूरला हलवावे लागले होते. तमिळनाडूत तयार झालेले ‘कोल्ड्रिफ’ हे सिरप जबलपूरच्या घाऊक वितरकामार्फत छिंदवाड्यात पोहोचले होते.

या सिरपमध्ये डायइथिलिन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य तब्बल ४८.६ टक्के असल्याचे तमिळनाडूतील तपासणीत आढळले. अनुज्ञेय मर्यादा ०.१ टक्के आहे. बाटली हातात घेऊन हे विष ओळखणे कोणत्याही पालकाला शक्य नव्हते. ती जबाबदारी उत्पादकाची आणि औषध नियंत्रण यंत्रणेची होती. मात्र या घटनेने आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधले. हे सिरप पॅरासिटामॉल, फेनिलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामाइन या तीन औषधांचे मिश्रण होते. यांपैकी शेवटच्या दोन औषधांचे एकत्रित मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना लेबलवर छापण्याचे निर्देश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच दिले होते. भेसळ डोळ्यांना दिसत नाही. औषधातील घटक मात्र छापलेले असतात आणि ते वाचता येतात. घरोघरी सर्रास घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांबाबत ही बाब अधिकच महत्त्वाची ठरते.

मिश्रण कशासाठी?

अंगदुखी, दातदुखी किंवा पाठदुखीसाठी मिळणाऱ्या अनेक गोळ्यांत एकाहून अधिक औषधे असतात. ॲसिक्लोफेनॅक १०० मिलिग्रॅम व पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम किंवा आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम व पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम ही त्यांतील परिचित उदाहरणे. काही गोळ्यांत स्नायू शिथिल करणारे क्लोरझोक्साझोन किंवा अन्य तिसरे औषध असते. तीव्र वेदनेसाठी ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉल यांचे मिश्रणही दिले जाते.

दोन औषधे वेगवेगळ्या मार्गांनी वेदना कमी करतात. त्यामुळे थोड्या दिवसांच्या तीव्र दुखण्यात योग्य मिश्रण एकट्या औषधापेक्षा अधिक उपयोगी ठरू शकते. परंतु प्रत्येक मिश्रण योग्य असतेच असे नाही. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये १५६ मिश्र औषधांवर बंदी घातली. त्यात ॲसिक्लोफेनॅक ५० मिलिग्रॅम व पॅरासिटामॉल १२५ मिलिग्रॅम या गोळीचाही समावेश होता.

बेरीज कशी चुकते?

मिश्र गोळीचा सर्वांत मोठा धोका एका गोळीत नसून बेरजेत असतो. निरोगी प्रौढ व्यक्तीसाठी पॅरासिटामॉलची कमाल मर्यादा २४ तासांत ४,००० मिलिग्रॅम मानली जाते. समजा, एखाद्याने पाठदुखीसाठी ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असलेली मिश्र गोळी दोन वेळा घेतली. एकूण ६५० मिलिग्रॅम झाले. तापासाठी ६५० ची गोळी चार वेळा घेतली. आणखी २,६०० झाले. सर्दीच्या गोळीत ५०० मिलिग्रॅम होते व ती तीन वेळा घेतली, १,५०० वाढले. एकूण ४,७५० मिलिग्रॅम. तिन्ही गोळ्यांची नावे वेगळी, कारणे वेगळी; यकृतावर पडणारा भार मात्र एकाच औषधाचा. नियमित मद्यपान करणारे, यकृताचे रुग्ण आणि कमी वजनाच्या व्यक्ती यांच्यासाठी सुरक्षित मर्यादा याहून कमी असते व ती डॉक्टरांनीच ठरवावी लागते.

या विषबाधेची सुरुवात फसवी असते. पहिल्या दिवशी मळमळ, उलटी एवढेच होते किंवा काहीच जाणवत नाही. यकृताची हानी दोन-तीन दिवसांनी उघड होते. त्यावरील एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा पहिल्या आठ तासांत सर्वाधिक परिणामकारक ठरतो. म्हणून मात्रा अधिक झाल्याची शंका येताच, त्रास होण्याची वाट न पाहता, गोळ्यांची पाकिटे सोबत घेऊन रुग्णालय गाठणे आवश्यक आहे.

कोणी अधिक जपावे?

ॲसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक व आयबुप्रोफेन ही एकाच वर्गातील औषधे आहेत. त्यांपैकी दोन एकत्र घेतल्याने आराम दुप्पट होत नाही. जठरातील व्रण, रक्तस्राव आणि मूत्रपिंडावरील दुष्परिणामांची शक्यता मात्र वाढते. पूर्वी अल्सर झालेले, मूत्रपिंडाचे किंवा हृदयाचे रुग्ण, रक्तदाबाच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे आणि वेदनाशामकांनी दमा बळावणारे यांनी ती स्वतःहून घेऊ नयेत. गर्भवतींनी, विशेषतः विसाव्या आठवड्यानंतर, डॉक्टरांच्या सल्ल्याविना ती टाळावीत. काळी शौचास होणे, रक्ताची उलटी किंवा लघवी कमी होणे ही तातडीने उपचार घेण्याची लक्षणे आहेत.

पावसाळ्यात आणि त्यानंतर डेंग्यूचे रुग्ण वाढतात. ताप डेंग्यूचा नाही हे स्पष्ट होईपर्यंत आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा ॲस्पिरिन असलेली गोळी घेऊ नये. त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. अशा वेळी ठरलेल्या मात्रेतील साधे पॅरासिटामॉल पुरते. ‘अंगदुखी व तापाची’ म्हणून घेतलेली मिश्र गोळी येथेच घातक ठरू शकते.

ट्रॅमाडॉल असलेल्या गोळीने गुंगी येते, सवय लागू शकते आणि मद्य किंवा झोपेच्या गोळीसोबत घेतल्यास श्वसन मंदावू शकते. २०१८ मध्ये हे औषध अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आणण्यात आले. मोठ्यांची मिश्र गोळी अर्धी किंवा पाव करून मुलांना देणे चुकीचे आहे. मुलांची मात्रा वजनानुसार ठरते आणि काही औषधे मुलांसाठी वर्ज्यच असतात. निमेसुलाइड बारा वर्षांखालील मुलांना देण्यास २०११ पासून मनाई आहे.

वारंवार डोके दुखणाऱ्यांसाठी आणखी एक इशारा आहे. मिश्र वेदनाशामके महिन्यातून दहा किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्यास गोळीमुळेच डोकेदुखी सुरू राहू शकते.

दुकानात काय विचारावे?

अनेक ग्राहक पूर्ण पाकीट न घेता दोन-चार गोळ्या कापून घेतात. नाव, घटक आणि मुदत छापलेला भाग बहुधा दुकानातच राहतो आणि घरी कागदी पुडीतील निनावी गोळी येते. त्यामुळे गोळी कापण्यापूर्वी घटक आणि मुदत पाहावी, तसेच पाकिटाचे छायाचित्र काढून ठेवावे. घरात आधीपासून सुरू असलेल्या औषधांची यादी विक्रेत्याला दाखवून ‘यातले कोणते औषध दोनदा होते का?’ हा एक प्रश्न विचारावा. लाल उभी रेघ असलेले औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीविना घेऊ नये. जुनी चिठ्ठी नव्या दुखण्याला किंवा शेजाऱ्याच्या दुखण्याला लागू पडत नाही.

औषधाचा दुष्परिणाम जाणवल्यास रुग्ण किंवा त्याचे नातेवाईक १८००-१८०-३०२४ या राष्ट्रीय निःशुल्क क्रमांकावर त्याची नोंद करू शकतात. हा क्रमांक नोंदणीसाठी आहे. तातडीच्या त्रासात आधी रुग्णालयातच जावे.