कांद्यातील क्वेर्सेटिन : स्वरूप, शोषण आणि आरोग्यविषयक दावे

प्रस्तावना :
क्वेर्सेटिन हे फ्लेव्होनॉइड गटातील पिवळ्या रंगाचे नैसर्गिक संयुग होय. ओक वृक्षाच्या 'क्वेर्कस' या लॅटिन नावावरून त्याचे नामकरण झाले. चहा व सफरचंद यांतही ते आढळते; तथापि कांदा हा त्याचा प्रमुख आहारस्रोत मानला जातो. कांदा उत्पादनात अग्रेसर असलेल्या महाराष्ट्रात म्हणूनच या संयुगाचा परिचय उपयुक्त ठरतो.

रासायनिक स्वरूप :
क्वेर्सेटिनच्या रेणूत १५ कार्बन, १० हायड्रोजन व ७ ऑक्सिजन अणू असून त्याचा रेणुभार सुमारे ३०२ आहे. रेणूतील पाच हायड्रॉक्सिल गटांमुळे ते मुक्त मूलकांना निष्प्रभ करू शकते. कांद्याच्या मांसल पापुद्र्यांत ते मुख्यतः ग्लुकोजशी संयुक्त अवस्थेत, तर वाळलेल्या बाह्य सालीत बव्हंशी मुक्त अवस्थेत असते. लाल व पिवळ्या कांद्यांच्या तुलनेत पांढऱ्या कांद्यात त्याचे प्रमाण अत्यल्प असते.

शोषण :
ग्लुकोजयुक्त क्वेर्सेटिनचे विघटन लहान आतड्यातील विकरे करतात. त्यामुळे त्याचे शोषण त्वरेने होते. याउलट रुटिन या संयुगाचे विघटन मोठ्या आतड्यातील जिवाणूंवर अवलंबून असते. शोषणानंतर आतडे व यकृत क्वेर्सेटिनला ग्लुकुरोनिक आम्ल व सल्फेट यांची जोड देतात. परिणामी रक्तात मुक्त क्वेर्सेटिन जवळजवळ आढळत नाही.

दाव्यांची चिकित्सा :
येथेच मूळ प्रश्न उपस्थित होतो. परीक्षानळीतील बहुतेक प्रयोग मुक्त क्वेर्सेटिनवर झालेले असल्याने त्यांचे निष्कर्ष मानवी शरीरास जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. नेदरलँड्समधील झुटफेन येथील ८०५ वृद्ध पुरुषांच्या अभ्यासात (१९९३) फ्लेव्होनॉइडयुक्त आहार व हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे कमी प्रमाण यांत सहसंबंध आढळला. परंतु सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. क्वेर्सेटिनविषयी सादर झालेले आरोग्यदावे तपासून युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०११ मध्ये असा कार्यकारणभाव सिद्ध होत नसल्याचे मत दिले.

समारोप :
गोळ्यांच्या रूपातील क्वेर्सेटिनची भलामण त्यामुळे सावधपणे स्वीकारावयास हवी. आहाराच्या बाबतीत मात्र साध्या गोष्टी करता येतात. कांद्याचे बाहेरचे मांसल पापुद्रे क्वेर्सेटिनने अधिक समृद्ध असल्याने सोलताना ते अकारण काढू नयेत आणि कांदा उकडल्यास त्याचे पाणी टाकून देऊ नये, कारण क्वेर्सेटिनचा काही अंश त्या पाण्यात उतरतो. संयुगाचे गुण प्रयोगशाळेत सिद्ध होणे आणि त्याची उपयुक्तता शरीरात सिद्ध होणे, या दोहोंतील अंतर विद्यार्थ्यांना समजावून देण्यासाठी क्वेर्सेटिन हे एक समर्पक उदाहरण आहे.