वाटूर फाट्यावरून कृष्णविवरांपर्यंत : पायथन शिकण्याचे फायदे

जालन्याहून निघालेला रस्ता परतूर तालुक्यातल्या वाटूर फाट्यावरून मंठा, जिंतूर करत औंढा नागनाथला पोहोचतो. ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला जाणाऱ्यांना तो पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. याच औंढा परिसरात आता लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन काटकोनी भुजा, त्यांतून धावणारे लेसर किरण आणि प्रोटॉनच्या व्यासाच्याही हजाराव्या भागाइतका फरक टिपण्याची क्षमता, असे हे यंत्र. अशा यंत्रांची नोंद ज्या भाषेत वाचली जाते, ती भाषा वाटूरच्या शाळकरी मुलालाही शिकता येते, आणि तीही फुकट. तिचे नाव पायथन.

गिडो व्हान रॉसम या डच प्रोग्रॅमरने १९८९ च्या डिसेंबरमध्ये ॲमस्टरडॅमच्या एका संशोधन संस्थेत हिचे काम सुरू केले आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये पहिली आवृत्ती सर्वांसाठी खुली केली. त्याच १९९१ साली पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतले संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. दोन तारे एकमेकांभोवती फिरत जवळ येतात तेव्हा उठणारी लहर गोंगाटातून कशी वेचायची, हा त्याचा विषय. लहरीचा आकार आधी गणिताने काढायचा, मग तो नमुना नोंदीवरून पुढे पुढे सरकवत कुठे जुळतो ते पाहायचे, ही त्यामागची रीत. पुढे जवळजवळ पाव शतकाने, १४ सप्टेंबर २०१५ रोजी, लायगोच्या अमेरिकेतल्या दोन केंद्रांवर खरीखुरी लहर आली. सूर्याच्या अंदाजे २९ आणि ३६ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली होती. लहर लिव्हिंग्स्टनला आधी पोहोचली आणि सुमारे सात मिलिसेकंदांनी हॅनफर्डला.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते याच्या पुढचे. लायगोने ही नोंद कुलूपबंद ठेवली नाही. नोंद आणि ती वाचणारे पायथनमधले प्रोग्रॅम दोन्ही इंटरनेटवर सर्वांसाठी ठेवले. सेकंदाला ४,०९६ आकडे या हिशेबाने ३२ सेकंदांच्या तुकड्यात १,३१,०७२ आकडे असतात. एवढे काम साधा लॅपटॉप सहज करतो. गोंगाट गाळण्याच्या ओळी चालवल्या की पडद्यावर एक रेघ उमटते. ती आधी हळू हेलकावते, मग भराभर, आणि एकदम शांत होते. नोबेल मिळालेल्या शोधाचा पुरावा गावातल्या मुलाने स्वतःच्या हाताने काढून पाहावा, अशी सोय विज्ञानाच्या इतिहासात फार थोड्या वेळा झाली आहे.

नोकरीचा फायदा तर आहेच. इन्स्टाग्राम ज्या जँगो या संकेतस्थळे बांधायच्या साधनावर उभे राहिले ते पायथनचेच, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणारे बहुतेक जण पायटॉर्च, टेन्सरफ्लो ही साधने पायथनमधूनच वापरतात. ज्याला कुठल्या विषयात जायचे हे अजून ठरवायचे आहे, त्यालाही ही एक भाषा अनेक दारांशी उपयोगी पडते.

शिकायला वर्गच हवा असे नाही. आयआयटी मुंबईत प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात साधारण दहा-दहा मिनिटांचे पाठ आहेत आणि मराठीतही अनेक पाठ ऐकायला मिळतात. लॅपटॉप नसेल तर अँड्रॉइड मोबाइलवर पायड्रॉइड हे ॲप चालते. नवशिक्याची पहिली अडचण बहुधा समासाची असते. इतर अनेक भाषांत कंस घालून आज्ञांचे गट करतात. पायथनमध्ये तेच काम ओळ आत सरकवून होते, आणि एक जागा चुकली तरी प्रोग्रॅम अडतो. सुरुवातीला याचा वैताग येतो, पण त्यामुळेच दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्रॅमही डोळ्यांना सरळ वाचता येतो.

आपल्या लिपीशीही तिचे जमते. २००८ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून आकडे साठवायच्या खोक्याला ‘पाऊस’ किंवा ‘खंड’ असे देवनागरी नाव देता येते. इतकेच काय, मजकूर म्हणून दिलेले ‘६५’ संख्येत बदलायला सांगितले की ती ते थेट पासष्ट म्हणून वाचते.

पासष्ट हा आकडा शेतकऱ्याच्या ओळखीचा आहे. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडला की शासन त्याला अतिवृष्टी मानते. पावसात सलग २१ दिवसांचा खंड पडला की २०२४ च्या खरिपापर्यंत पीकविम्याच्या आगाऊ भरपाईचा विषय निघत असे. म्हणून मी शिकणाऱ्याला पहिला सराव पावसाचाच देईन. जूनपासूनचे रोजचे आकडे एका यादीत भरायचे. हवामान खाते २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पावसाचा दिवस पावसाळी धरते, तेव्हा त्याहून कमी पाऊस असेल तर ‘खंड’मध्ये एक मिळवायचा, नाहीतर तो पुन्हा शून्य करायचा. प्रत्येक वेळी आधीच्या सर्वांत मोठ्या खंडाशी तुलना करायची. जेमतेम आठ-दहा ओळींत हंगामातला सर्वांत लांब खंड हाती येतो. तहसीलमधला आकडा आणि आपला आकडा समोरासमोर ठेवून बोलता येणे हा शेतकऱ्याच्या घरातल्या मुलासाठी लहान फायदा नव्हे.

या सरावात एक खाच आहे. एखाद्या दिवशी पर्जन्यमापक बंद असेल तर त्या जागी शून्य भरायचे नाही. शून्य म्हणजे पाऊस पडला नाही. नोंदच नसणे ही वेगळी गोष्ट, आणि तिच्यासाठी पायथनमध्ये ‘नन’ ही स्वतंत्र किंमत आहे. ती भरली की २.५ शी तुलना करताना प्रोग्रॅम चूक दाखवून थांबतो. मग त्या दिवसाला खंडात धरायचे, वगळायचे की शेजारच्या महसूल मंडळाचा आकडा घ्यायचा, हे लिहिणाऱ्याला ठरवून वेगळ्या ओळीत नोंदवावे लागते.